सिझेरियनच्या स्पायनलमधले जोड-औषध: ते आले कसे आणि टिकले का

सिझेरियनसाठी स्पायनल, म्हणजे पाठीच्या मणक्यातल्या द्रवात सुईने दिली जाणारी भूल, देताना सिरिंजमध्ये आज सहसा एकटे बुपिव्हाकेन हे भुलीचे औषध नसते. 0.5 टक्के हेवी बुपिव्हाकेन साधारण 2 मिली, म्हणजे 10 मिलिग्रॅम, आणि सोबत फेंटानिल किंवा मॉर्फिन या वेदनाशामकांचा अगदी थेंबभर अंश. पण हे जोड-औषध कशासाठी, एवढेच का आणि हेच का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळायला शंभर वर्षे जावी लागली.

16 ऑगस्ट 1898 रोजी जर्मनीतील कील येथे ऑगस्ट बीअर यांनी शस्त्रक्रियेसाठी मेरुद्रवात (मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात) 15 मिलिग्रॅम कोकेन सोडले. दोनच वर्षांत बाझेलच्या ऑस्कर क्राइस यांनी प्रसूतीच्या कळा सोसणाऱ्या सहा स्त्रियांना 10 मिलिग्रॅम कोकेन देऊन पाहिले. वेदना थांबल्या, पण उलट्या आणि डोकेदुखीने बाया हैराण झाल्या. कोकेनची मात्रा कमी करायची तर त्याला साथीदार हवा, हा विचार तेव्हापासूनचा. 1901 मध्ये रुमानियाचे राकोविचानू-पितेश्ती यांनी कोकेनसोबत मॉर्फिन वापरल्याचे पॅरिसमध्ये मांडले. जपानमध्ये ओतोजिरो कितागावा यांनीही त्याच सुमारास मणक्यात मॉर्फिन दिले होते. मात्र मॉर्फिन तिथे नेमके कशावर काम करते हे कुणालाच ठाऊक नव्हते, त्यामुळे ही वाट पुढची सत्तर-पंच्याहत्तर वर्षे जवळपास बंदच राहिली.

त्या काळात दोन वेगळी जोड-औषधे रुळली. हाइनरिश ब्राउन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्थानिक भुलीच्या औषधात अॅड्रेनालिन मिसळले. रक्तवाहिन्या आकसल्या की औषध सावकाश शोषले जाते. लंडनच्या आर्थर बार्कर यांनी 1907 मध्ये स्टोव्हेन या भुलीच्या औषधात ग्लुकोज घालून द्रावण मेरुद्रवापेक्षा जड केले, म्हणजे टेबलाचा उतार बदलून भूल हवी त्या पातळीवर नेता येऊ लागली. आज आपण ज्याला ‘हेवी’ म्हणतो ते हेच. बुपिव्हाकेन हेवीच्या प्रत्येक मिलीत 80 मिलिग्रॅम डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजच, असते. जोड-औषधांच्या यादीत ग्लुकोजचे नाव कुणी घेत नाही, पण सर्वांत जास्त टिकलेले तेच.

मणक्यात जाणाऱ्या द्रावणाची शुद्धता किती महत्त्वाची, हे 1947 मध्ये इंग्लंडच्या चेस्टरफील्डमध्ये दिसले. एकाच दिवशी स्पायनल घेतलेल्या वूली आणि रो या दोन रुग्णांचे पाय कायमचे लुळे पडले. औषधाच्या काचेच्या कुपीच्या (अॅम्प्यूलच्या) न दिसणाऱ्या तड्यांतून, ती बुडवून ठेवलेल्या द्रावणातले फिनॉल आत गेले असावे, असे न्यायालयाने धरले. निर्जंतुकीकरणाच्या भांड्यातले आम्ल कारणीभूत असावे, असे मत नंतर पुढे आले. कारण काहीही असो, ब्रिटनमध्ये स्पायनलवरचा विश्वास कित्येक वर्षे उडाला.

मॉर्फिनची वाट पुन्हा उघडली ती 1973 मध्ये ओपिऑइड रिसेप्टर, म्हणजे मॉर्फिनसारखी औषधे (ओपिऑइड) शरीरात जिथे चिकटतात त्या जागा, सापडल्यावर. 1976 मध्ये याक्श आणि रूडी यांनी उंदरांच्या मज्जारज्जूवर थेट ओपिऑइड देऊन वेदना थांबवून दाखवली. 1979 मध्ये वांग आणि सहकाऱ्यांनी कर्करोगाच्या रुग्णांना मणक्यात 0.5 ते 1 मिलिग्रॅम मॉर्फिन दिले. आनंद अल्पकाळच टिकला, कारण त्या मात्रांवर श्वास मंदावण्याच्या घटना लगेच समोर येऊ लागल्या, त्याही औषध दिल्यानंतर कित्येक तासांनी.

याचे मूळ औषधाच्या स्वभावात आहे. मॉर्फिन पाण्यात विरघळणारे, चरबीत जवळपास नाही. त्यामुळे ते मज्जारज्जूत शिरायला वेळ घेते, मेरुद्रवातच रेंगाळते आणि हळूहळू मेंदूच्या दिशेने सरकते. परिणाम जाणवायला पाऊण-एक तास लागतो, पण तो 12 ते 24 तास किंवा त्याहूनही जास्त टिकतो. श्वासाचा धोका साधारण 6 ते 12 तासांनी, म्हणजे नेमका आई वॉर्डात झोपलेली असताना. फेंटानिलचे उलट: चरबीत विरघळते, 5 ते 10 मिनिटांत काम सुरू आणि 2 ते 4 तासांत संपले.

सिझेरियनला या दोघांची गरज का पडते? त्वचेपासून गर्भाशयापर्यंतच्या चिरेसाठी बुपिव्हाकेन पुरते, पण गर्भाशय बाहेर काढून टाके घालताना पोटाच्या आतल्या आवरणावर ओढ बसते. भूल छातीच्या चौथ्या मणक्यापर्यंत गेलेली असूनही आई कळवळते, मळमळते. बुपिव्हाकेन वाढवले तर भूल आणखी वर चढते आणि बीपी कोसळते. फेंटानिल मात्र बीपीला फारसा धक्का न लावता नेमकी या ओढीची वेदना कमी करते. 1989 मध्ये हंट आणि सहकाऱ्यांनी 2.5 पासून 50 मायक्रोग्रॅमपर्यंत मात्रा देऊन पाहिल्या, 6.25 मायक्रोग्रॅमपासूनच फरक स्पष्ट दिसला. म्हणून आज 10 ते 15 मायक्रोग्रॅम दिले जाते. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसाठी मॉर्फिन. 1988 मध्ये अबूलेइश यांनी सिझेरियनसाठी बुपिव्हाकेनसोबत 0.2 मिलिग्रॅम मॉर्फिन दिले. 1999 मध्ये पामर यांच्या अभ्यासात दिसले की साधारण 75–100 मायक्रोग्रॅमच्या पुढे वेदना अधिक कमी होत नाही, खाज तेवढी वाढत जाते. माझ्या मते या विषयातला सर्वांत उपयोगी निष्कर्ष हाच. 1979 ची मात्रा वीस वर्षांत पाच ते दहा पटींनी खाली आली, म्हणूनच हे औषध प्रसूतिगृहात टिकले.

भारतात या मात्रा हाताने तयार कराव्या लागतात आणि चूक होते ती तिथेच. मॉर्फिनचे अॅम्प्यूल 10 किंवा 15 मिलिग्रॅम प्रति मिली असते, म्हणून आधी लेबल वाचायचे. 10 मिलिग्रॅमचे 1 मिली सलाइनने 10 मिली केले की 1 मिलीत 1 मिलिग्रॅम. त्यातला 0.1 मिली बारीक खुणांच्या ट्यूबरक्युलिन सिरिंजने घेतला की 100 मायक्रोग्रॅम. दुसऱ्यांदा दहापट पातळ करून 1 मिली घेणे मोजायला सोपे, पण 2 मिली हेवीत 1 मिली सलाइन गेले की डेक्स्ट्रोज 8 वरून सुमारे 5.3 टक्क्यांवर येते आणि एकूण द्रावण दीडपट होते. आणि एक पायरी विसरली की दहापट मात्रा.

दुसरी ठेच इन्सुलिन सिरिंजची. फेंटानिल 50 मायक्रोग्रॅम प्रति मिली असते. 40 युनिटच्या (1 मिलीत 40 युनिट) सिरिंजवर 10 युनिट म्हणजे 0.25 मिली, 12.5 मायक्रोग्रॅम. 100 युनिटच्या (1 मिलीत 100 युनिट) सिरिंजवर तेच 10 युनिट म्हणजे फक्त 0.1 मिली, 5 मायक्रोग्रॅम. 100 मायक्रोग्रॅम प्रति मिलीच्या डेक्समेडेटोमिडिन या दुसऱ्या एका जोड-औषधात 5 मायक्रोग्रॅमसाठी 100 युनिटच्या सिरिंजवर 5 युनिट लागतात. तीच 5 ची रेघ 40 च्या सिरिंजवर घेतली तर 12.5 मायक्रोग्रॅम जातात. ‘इतके युनिट भरा’ असे सांगण्याऐवजी मिलीतच सांगावे.

डेक्समेडेटोमिडिन, क्लोनिडिन, मॅग्नेशियम, केटामिन, मिडाझोलम, निओस्टिग्मिन अशी रांग गेल्या तीन-चार दशकांत लागली. बहुतेकांनी भूल लांबते, पण आईसाठी तो सौदा सरळ नाही. निओस्टिग्मिनने उलट्या इतक्या वाढल्या की ते मागे पडले. क्लोनिडिनने बीपी आणखी उतरते आणि सुस्ती येते. एपिड्युरलसाठीच्या (मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर औषध देण्यासाठीच्या) त्याच्या अमेरिकी लेबलवर प्रसूतीत न वापरण्याचा ठळक इशारा आहे. केटामिनच्या वायलमध्ये अनेकदा प्रिझर्व्हेटिव्ह (औषध टिकवणारे रसायन) असते, जे मज्जातंतूंना इजा करू शकते. शिरेतून द्यायला बनवलेले औषध मणक्यात चालेलच, असे कधीही गृहीत धरू नये.

आपल्याकडे ब्युप्रेनॉर्फिन हे ओपिऑइडही बरेच चालते, साधारण 30 ते 60 मायक्रोग्रॅम. त्यामागे मॉर्फिनची टंचाई आहे. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळात मॉर्फिन लहान रुग्णालयांपर्यंत पोहोचेनासे झाले. 2014 च्या दुरुस्तीने ‘अत्यावश्यक अमली औषधे’ हा वर्ग आणला. मॉर्फिन आणि फेंटानिल दोन्ही त्यात आहेत, आणि मान्यताप्राप्त संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाकडून एकाच मान्यतेवर ती घेता येतात.

मॉर्फिन दिल्यावर खाज नाकाभोवती आणि चेहऱ्यावर सुरू होते. ही अॅलर्जी नव्हे, त्यामुळे अॅव्हिलसारख्या अॅलर्जीच्या औषधाने फारसे काही होत नाही, झोप मात्र येते. आणि झोप आली की श्वासावर लक्ष ठेवणे अवघड. नॅल्बुफिन 2.5 ते 5 मिलिग्रॅम शिरेतून दिले की खाज उतरते आणि वेदनाशमनही टिकते. वॉर्डच्या कागदावर मॉर्फिनची मात्रा आणि वेळ ठळक लिहायची, श्वासाचा दर आणि सुस्ती मोजत राहायची, नॅलोक्सोन (ओपिऑइडचा परिणाम उलटवणारे औषध) हाताशी ठेवायचे, आणि त्या रात्री दुसरे ओपिऑइड किंवा झोपेचे औषध भूलतज्ज्ञाला विचारल्याशिवाय द्यायचे नाही.

गेल्या काही वर्षांत या टेबलावर एक नवा धोका आला आहे. 2017 नंतर प्रसूतीतल्या रक्तस्रावासाठी ट्रॅनेक्सॅमिक आम्ल सर्वत्र ठेवले जाऊ लागले आणि त्याचे अॅम्प्यूल दिसायला बुपिव्हाकेनसारखे असल्याने ते चुकून मणक्यात गेल्याच्या घटना घडल्या. काही मिनिटांत पाठ आणि नितंबांत भयंकर आग, पायांना झटके, मग फिट्स आणि हृदयाची घातक लय. 2019 च्या एका आढाव्यात अशा 21 रुग्णांपैकी 10 दगावले होते. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याबाबत सावधगिरीचा इशारा दिला. म्हणून ट्रॅनेक्सॅमिक आम्ल भुलीच्या ट्रॉलीवर ठेवायचेच नाही, वेगळ्या खणात ठेवायचे. आणि मणक्यात जाणारे प्रत्येक अॅम्प्यूल फोडण्याआधी दोघांनी मोठ्याने वाचायचे.