मर्क्युरी, फ्रेडी

(५ सप्टेंबर १९४६ – २४ नोव्हेंबर १९९१). ब्रिटिश रॉक व पॉप गायक, संगीतरचनाकार आणि पियानोवादक. ‘क्वीन’ या चौघांच्या वाद्यवृंदाचा मुख्य गायक. मूळ नाव फारोख बलसारा. जन्म आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळील झांझिबार बेटावरील स्टोन टाउन येथे, पारशी कुटुंबात. घराणे मूळचे गुजरातमधील बलसाडचे (आताचे वलसाड). वडील बोमी हे झांझिबारच्या ब्रिटिश प्रशासनात उच्च न्यायालयाचे रोखपाल होते. आईचे नाव जेर. धाकटी बहीण कश्मिरा १९५२ मध्ये जन्मली.

बालपण व शिक्षण : फारोखला आठव्या वर्षी सातारा जिल्ह्यातील पाचगणीच्या सेंट पीटर्स स्कूल या निवासी शाळेत पाठवण्यात आले. प्रवेशाचे वर्ष काही चरित्रांत १९५४, तर काहींत १९५५ असे येते. जन्मतारीख पाहता १९५४ ची अखेर किंवा १९५५ चा प्रारंभ मानणे सयुक्तिक ठरते. ‘फ्रेडी’ हे नाव त्याला इथेच मिळाले आणि पुढे घरच्यांनीही ते स्वीकारले. मर्क्युरीवरील लेखनात पाचगणीची ही वर्षे बहुधा पानभरात उरकलेली असतात. संगीताच्या दृष्टीने मात्र तीच कळीची आहेत. पियानोचे रीतसर शिक्षण त्याला शाळेतच मिळाले आणि लेखी व प्रात्यक्षिक अशा दोन्ही परीक्षांत तो चौथ्या श्रेणीपर्यंत पोचला. शाळेच्या समूहगायनातही तो असे. रेडिओवर ऐकलेली चाल तो लगेच पियानोवर वाजवून दाखवी, अशी वर्गमित्रांची आठवण आहे. बाराव्या वर्षी, १९५८ च्या सुमारास, मित्रांसह त्याने ‘द हेक्टिक्स’ हा शाळकरी वाद्यवृंद काढला. तेव्हाची लोकप्रिय रॉक अँड रोल गाणी ही मुले शाळेच्या कार्यक्रमांत सादर करीत. त्यात मुख्य गायक दुसराच होता. फ्रेडी पियानोवर बसे आणि मागून साथीला गाई. त्याची पुढची रचनापद्धती पाहिली, तर चाल आधी पियानोवर बांधायची आणि मग तीवर आवाजांचे थर चढवायचे, ही सवय या पियानोशी सरळ जोडता येते.

सुट्ट्यांत तो मुंबईला मावशी व आजीकडे राही. हिंदी चित्रपटसंगीताचा, विशेषतः लता मंगेशकर यांच्या गाण्याचा त्याच्यावर संस्कार झाला, असे अनेक लेखांत सांगितले जाते. त्या काळच्या मुंबईत ती गाणी त्याच्या कानांवर पडली नसतील, असे म्हणता येणार नाही. पण त्याच्या रचना तपासल्या, तर रागांगाची किंवा भारतीय तालाची ठळक खूण त्यांत सापडत नाही. ‘मुस्तफा’ (१९७८) या गीतातले पौर्वात्य वळण अरबी धाटणीचे आहे. त्यामुळे हा संस्कार कानाच्या तयारीपुरता मानावा, रचनेच्या घडणीपर्यंत नेऊ नये, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

फ्रेडी १९६३ च्या प्रारंभी झांझिबारला परतला. डिसेंबर १९६३ मध्ये झांझिबार स्वतंत्र झाले आणि १२ जानेवारी १९६४ रोजी तिथे क्रांती होऊन सुलतानाची सत्ता उलथली. अरब आणि आशियाई रहिवाशांवर हल्ले झाले. बलसारा कुटुंबाने देश सोडला आणि लंडनच्या पश्चिमेस फेल्टम येथे बस्तान बसवले. काही काळ फ्रेडीने हीथ्रो विमानतळावर किरकोळ कामे केली. आयलवर्थ येथे कलाशिक्षणाची पूर्वतयारी करून तो १९६६ मध्ये ईलिंग कला महाविद्यालयात दाखल झाला आणि १९६९ मध्ये त्याने आरेखन व संकल्पनाची पदविका घेतली. क्वीनचे मानचिन्ह त्यानेच काढले. चौघांच्या राशींचे दोन सिंह, एक खेकडा व दोन पऱ्या, आणि त्यांच्या वर पंख पसरलेला फिनिक्स, अशी त्याची मांडणी आहे.

क्वीनची स्थापना : १९६९ मध्ये तो आयबेक्स आणि पाठोपाठ सावर मिल्क सी या अल्पायुषी वाद्यवृंदांतून गायला. गिटारवादक ब्रायन मे व ड्रमवादक रॉजर टेलर यांच्या ‘स्माइल’चा गायक टिम स्टाफेल बाहेर पडल्यावर, १९७० मध्ये फ्रेडी त्यांना मिळाला. ‘क्वीन’ हे नाव त्याचेच. बेसवादक जॉन डीकन १९७१ मध्ये आला आणि चौघांचा हा संच मर्क्युरीच्या मृत्यूपर्यंत बदलला नाही. आडनाव त्याने १९७० च्या सुमारास बदलले. ‘माय फेअरी किंग’ या स्वतःच्याच गीतातील एका ओळीवरून त्याने ते घेतले, असे मे सांगतो. कन्या या त्याच्या राशीचा स्वामी बुध (इंग्रजीत मर्क्युरी) म्हणून ते निवडले, असेही काही ठिकाणी आढळते. प्रत्यक्षदर्शी असल्याने मे याचे कथन अधिक विश्वसनीय आहे.

पहिली ध्वनिमुद्रिका १९७३ मध्ये निघाली. ‘सेव्हन सीज ऑफ राय’ने (१९७४) ब्रिटनमधील लोकप्रिय गीतांच्या यादीत दहावे स्थान गाठले, तर त्याच वर्षीच्या ‘किलर क्वीन’ने दुसरे. रचनाकार म्हणून मर्क्युरीचा वाटा किती, हे एका गोष्टीवरून कळते. १९८१ च्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’ या संकलनाच्या मूळ ब्रिटिश आवृत्तीतील १७ गीतांपैकी १० एकट्या त्याची आहेत. एकाच साच्यात तो सहसा परतला नाही. ‘समबडी टू लव्ह’ (१९७६) कृष्णवर्णीय चर्चमधील गॉस्पेल समूहगायनावर बेतलेले आहे, तर ‘क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह’ (१९७९) १९५० च्या दशकातील रॉकाबिलीवर, म्हणजे अमेरिकी ग्रामीण संगीताची छाप असलेल्या रॉक अँड रोलवर. हे दुसरे गीत १९८० मध्ये अमेरिकेत पहिल्या स्थानी पोचले.

‘बोहीमियन ऱ्हॅप्सडी’ : ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी प्रकाशित झालेले हे गीत पाच मिनिटे पंचावन्न सेकंदांचे आहे आणि त्यात ध्रुवपद नाही. वाद्यांविना समूहस्वरांनी प्रारंभ, बी फ्लॅट स्वरावरील संथ पियानोगीत, गिटारचा एकल भाग, ए मेजरमध्ये झेपावणारा ऑपेरासदृश भाग, त्यानंतर ई फ्लॅटमधील जोरकस रॉक आणि शेवटी एफ स्वरावर विसावणारा संथ उपसंहार, असा त्याचा प्रवास आहे. तीन मिनिटांच्या गीतांची सवय असलेल्या रेडिओने ते लावावे, अशी अपेक्षा ध्वनिमुद्रिका कंपनीलाही नव्हती. लंडनच्या कॅपिटल रेडिओवरील निवेदक केनी एव्हरेट याने ते वारंवार वाजवले आणि मागणी वाढली. ब्रिटनमध्ये ते सलग नऊ आठवडे पहिल्या स्थानी राहिले.

ध्वनिमुद्रण ऑगस्ट १९७५ मध्ये वेल्समधील रॉकफील्ड येथे सुरू झाले. निर्माता रॉय थॉमस बेकर होता. ऑपेराच्या भागात ऐकू येणारा मोठा समूह म्हणजे प्रत्यक्षात तिघांचेच आवाज आहेत. मे खालच्या पट्टीत, मर्क्युरी मधल्या आणि टेलर अतितार स्वरांत गायला. हातात २४ मार्गांची, म्हणजे २४ ध्वनी वेगवेगळे नोंदवता येणारी, फीत होती. काही मार्गांवर आवाज भरायचे, ते एकत्र करून मोकळ्या मार्गावर उतरवायचे आणि रिकाम्या जागी पुन्हा नवे थर भरायचे, असा क्रम दिवसेंदिवस चालला. थरांची संख्या १८० पर्यंत गेल्याचे सांगितले जाते. आकडा ढोबळ मानला, तरी चुंबकीय फीत वारंवार फिरून तिच्यावरील लेप झिजला आणि ती उजेडात पारदर्शक दिसू लागली, ही हकीकत वाद्यवृंदाच्या सदस्यांनी स्वतः सांगितली आहे.

गीताच्या अर्थाबद्दल बरेच लिहिले गेले आहे. गीतातील नायकाने केलेला खून हे मर्क्युरीने आपल्या समलैंगिकतेची स्वतःशी दिलेली कबुली होय, असा एक अर्थ लावला जातो. त्याने त्याला कधी दुजोरा दिला नाही. गीतातील ‘बिस्मिल्ला’ या शब्दावरून झांझिबारच्या बालपणाकडे बोट दाखवले जाते. तेथील बहुसंख्य लोकवस्ती मुस्लिम असल्याने हे शक्य आहे. २०२३ मध्ये उजेडात आलेल्या हस्तलिखित मसुद्यांनी या चर्चेला ठोस आधार दिला. एका विमान कंपनीच्या कागदांवरील या मसुद्यांत गीताचे शीर्षक आधी ‘मंगोलियन ऱ्हॅप्सडी’ असे लिहून ‘मंगोलियन’ हा शब्द खोडलेला आहे. त्यामुळे शीर्षकातील देशवाचक शब्दावर गीताच्या अर्थाची इमारत उभारणाऱ्यांनी सावध राहिलेले बरे.

आवाज : मर्क्युरीचा आवाज चार सप्तकांचा होता, हे विधान वर्षानुवर्षे एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत आले. २०१६ मध्ये स्वरशास्त्रज्ञ क्रिस्टियान हर्ब्स्ट आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध ध्वनिमुद्रणांचे ध्वनिशास्त्रीय विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात आढळलेला पल्ला ३७ अर्धस्वरांचा (एका सप्तकात बारा), म्हणजे तीन सप्तकांहून थोडा अधिक आहे. मुलाखतींतील बोलण्याची मध्यक वारंवारता सुमारे ११७ हर्ट्‌झ निघाली. यावरून त्याचा नैसर्गिक आवाज भरदार, मध्यम खालच्या पट्टीचा, म्हणजे बॅरिटोन असावा, असा अंदाज निघतो. गाताना मात्र तो बहुतेक वेळ टेनरच्या, म्हणजे उंच पट्टीच्या पुरुषी आवाजाच्या, वरच्या प्रदेशात वावरला. ‘आवाजाची देणगी’ म्हणून जे सांगितले जाते, त्यात कमावलेला भाग किती मोठा आहे, हे इथे लक्षात यावे.

याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष स्वरकंपाविषयी आहे. प्रशिक्षित पाश्चात्त्य गायकाचा स्वर साधारणपणे सेकंदाला साडेपाच ते सात वेळा आंदोलित होतो. मर्क्युरीच्या कंपाची सरासरी गती सातच्या किंचित वर आणि तिची लय अनियमित आढळली. त्याच्या दीर्घ स्वरात जाणवणारी थरथर बहुधा यामुळे येते. तार स्वरांतील खरखर कशी निर्माण होत असावी, हे पाहण्यासाठी अभ्यासकांनी त्याच्या शैलीत गाणाऱ्या एका रॉक गायकाच्या घशात कॅमेरा सोडून निरीक्षण केले. खऱ्या स्वरतंतूंसोबत त्यांच्या वरच्या आभासी तंतूंच्या घड्याही कंप पावत होत्या आणि मूळ स्वराच्या खाली उपस्वर उमटत होता. मर्क्युरीच्या ध्वनिमुद्रणांतही असे उपस्वर मिळतात. ही तुलना अप्रत्यक्ष असली, तरी आजवरच्या स्पष्टीकरणांत तीच सर्वाधिक समाधानकारक आहे. त्याच्या जबड्यात चार जादा दात होते आणि त्यामुळे पुढचे दात बाहेर आलेले होते. आवाज बिघडेल या भीतीने त्याने ते दुरुस्त करून घेतले नाहीत.

रंगमंच : सुरुवातीच्या एका कार्यक्रमात माइकचा दांडा मधोमध तुटला. वरचा अर्धा तुकडाच हातात घेऊन तो गायला आणि पुढे तीच त्याची ओळख झाली. मोठ्या मैदानातील जमावाला गाण्यात ओढून घेण्याची त्याची हातोटी विलक्षण होती. १९८१ मध्ये साओ पाउलोच्या मोरुंबी मैदानात सव्वा लाखाहून अधिक श्रोते होते. १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानात झालेल्या ‘लाइव्ह एड’ या दुष्काळनिधीच्या कार्यक्रमात क्वीनला सुमारे २१ मिनिटे मिळाली. संध्याकाळच्या उजेडात, प्रकाशयोजनेच्या आधाराविना, मर्क्युरीने स्वरांच्या हाका द्याव्यात आणि बहात्तर हजारांच्या आसपास लोकांनी त्या हुबेहूब परत कराव्यात, हा प्रकार रॉक संगीताच्या इतिहासात मानदंड ठरला आहे. वर्णद्वेषी राजवटीवरील सांस्कृतिक बहिष्कार मोडून १९८४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील सन सिटी येथे क्वीनने केलेले कार्यक्रम ही मात्र या कारकिर्दीतील गंभीर चूक होती. त्याबद्दल ब्रिटिश संगीतकार संघटनेने वाद्यवृंदाला दंड केला. क्वीनसोबतचा त्याचा शेवटचा कार्यक्रम ९ ऑगस्ट १९८६ रोजी नेबवर्थ येथे झाला.

एकल कामगिरी : ‘मिस्टर बॅड गाय’ (१९८५) ही एकल ध्वनिमुद्रिका फारशी गाजली नाही. स्पॅनिश ऑपेरा गायिका मोन्सेरात काबाये हिच्यासह केलेली ‘बार्सिलोना’ (१९८८) मात्र त्याच्या रचनाशक्तीचा उत्तम नमुना आहे. तिचे शीर्षकगीत १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकच्या वेळी पुन्हा गाजले.

खाजगी जीवन व मृत्यू : मेरी ऑस्टिन ही त्याची १९७० च्या दशकातील सहचरी आणि नंतरची आजीवन मैत्रीण, घराचा व संपत्तीचा मोठा भाग त्याने तिच्या नावे ठेवला. अखेरच्या वर्षांत जिम हटन हा त्याचा जोडीदार होता. एचआयव्हीचे निदान एप्रिल १९८७ मध्ये झाले, असे हटनच्या आठवणींवरून दिसते. काही चरित्रकार ते आधीचे मानतात, पण सोबत राहणाऱ्याची साक्ष बाजूला सारण्याजोगे कारण दिसत नाही. आजाराबद्दल मर्क्युरीने मौन पाळले आणि काम थांबवले नाही. ‘इन्युएंडो’ फेब्रुवारी १९९१ मध्ये आली. त्यानंतर स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे, फार वेळ उभे राहणेही कठीण असताना, त्याने जमतील तितके स्वर मुद्रित करून ठेवले. मे १९९१ मधील ‘मदर लव्ह’ हे त्यांतील अखेरचे मानतात. त्याचे शेवटचे कडवे ब्रायन मे याला गावे लागले. ही मुद्रणे ‘मेड इन हेवन’मध्ये (१९९५) आली.

एड्स झाल्याचे निवेदन २३ नोव्हेंबर १९९१ रोजी प्रसिद्ध झाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, केन्सिंग्टनमधील गार्डन लॉज या राहत्या घरी, न्यूमोनियाने त्याचे निधन झाले. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले आणि दहन पश्चिम लंडनमध्ये झाले. अस्थी ऑस्टिनने त्याच्या इच्छेनुसार गुप्त ठिकाणी ठेवल्या. ‘बोहीमियन ऱ्हॅप्सडी’ त्या नाताळात पुन्हा पहिल्या स्थानी पोचले. २० एप्रिल १९९२ रोजी वेम्बली येथे स्मृती-मैफल झाली. एड्सविरोधी कार्यासाठी त्याच वर्षी स्थापन झालेला मर्क्युरी फिनिक्स न्यास आजही अनुदाने देतो. माँत्रो येथे सरोवराकाठी त्याचा पुतळा १९९६ मध्ये उभारला गेला. झांझिबारमध्ये २००६ साली त्याच्या साठाव्या जन्मदिनाचा नियोजित सोहळा धार्मिक गटाच्या विरोधामुळे झाला नाही. २०१९ मध्ये मात्र स्टोन टाउनमध्ये त्याच्यावरील संग्रहालय सुरू झाले.