चिखल वाळला की आकडा बदलतो

‘आविष्कार’सारख्या विद्यार्थी संशोधन स्पर्धांत आणि पदवीच्या प्रकल्पवह्यांत एक विषय वारंवार भेटतो: खाडीकाठच्या कांदळवनातील मातीची पोषकद्रव्ये. विद्यार्थी ओहोटीची वेळ साधून चिखल आणतात, वर्तमानपत्रावर पसरून वाळवतात, कुटून चाळतात आणि शेतातल्या मातीसाठी ठरलेल्या पद्धतीने नत्र, स्फुरद, पालाश मोजून तक्ता तयार करतात. कष्ट प्रामाणिक असतात, मोजणीही काळजीने केलेली असते. तरीही तक्त्यातला स्फुरदाचा आकडा खाजणातल्या चिखलाचा नसतो, तो कागदावर वाळून निराळ्याच झालेल्या मातीचा असतो. चार वर्षांच्या पदवीत आता संशोधनाला स्वतंत्र स्थान मिळाले आहे, म्हणून हा फरक कशाने पडतो ते सविस्तर सांगितले पाहिजे.

शेतातल्या मातीच्या कणांमध्ये हवा खेळते. भरतीने भिजलेल्या चिखलात मात्र त्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या असतात, आणि पाण्यातून ऑक्सिजन हवेतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट हळू पसरतो. कुजणाऱ्या पाल्यावर जगणारे जीवाणू तो वरच्या काही मिलिमीटरांतच संपवतात. श्वसन म्हणजे अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन शेवटी कोणाच्या तरी हवाली करणे होय. आपण ते ऑक्सिजनला देतो. ऑक्सिजन संपल्यावर जीवाणू ते नायट्रेटला देतात, मग मँगनीज व लोहाच्या ऑक्साइडांना, त्यानंतर सल्फेटला आणि अगदी अखेरीस कार्बन डायऑक्साइडला, ज्यातून मिथेन बनतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते, त्यामुळे खाडीत सल्फेटवर चालणारे श्वसन फार मोठे असते आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. काळा, उग्र वासाचा चिखल म्हणजे सांडपाण्याची घाण, हा समज त्यामुळे चुकीचा आहे. सांडपाण्याचा थेंबही न पोचलेल्या खाजणात हा वास येतो.

या साखळीतला लोहाचा टप्पा मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि तो पाहायला कोकणासारखी जागा नाही. जांभ्याला तांबडा रंग देणारी लोहाची ऑक्साइडे फॉस्फेटला, म्हणजे स्फुरदाच्या मातीतल्या रूपाला, घट्ट धरून ठेवतात. डोंगरउतारावरच्या बागेत स्फुरदाचे खत घालूनही झाडाला त्यातले थोडेच मिळते, ते याच कारणाने. पावसाळ्यात वाशिष्ठीसारख्या नद्या तांबड्या होऊन वाहतात, तेव्हा लोहाला बिलगलेला हा स्फुरद खाडीत येऊन गाळात पुरला जातो. तेथे जीवाणूंनी दिलेला इलेक्ट्रॉन घेतला की तीन धनभारांचे लोह दोन धनभारांचे होते आणि विरघळते. ते विरघळताच त्याने धरून ठेवलेले फॉस्फेट पाण्यात मोकळे होते.

क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी १९४१-४२ मध्ये इंग्लंडमधल्या सरोवरांच्या गाळाबाबत हे दाखवले होते. गोड्या पाण्यात विरघळलेले लोह वर सरकते, ऑक्सिजनच्या थराशी पोचून पुन्हा गंजासारखे साकळते आणि निसटणारे फॉस्फेट परत पकडते. गाळावर जणू झाकण बसते. खाडीत मात्र सल्फाइड लोहाला वाटेतच गाठते आणि दोघांचे काळे लोह सल्फाइड व पुढे पायराइट हे लोह-गंधकाचे खनिज बनते. पायराइटमध्ये अडकलेले लोह फॉस्फेट पकडायला वर पोचत नाही. म्हणून खाऱ्या गाळातून स्फुरद गोड्या गाळापेक्षा सहज सुटतो.

याला अपवादही तिथेच, हाताच्या अंतरावर सापडतो. तिवराची चिखलातून वर आलेली श्वसनमुळे हवा खाली नेतात, कुर्ल्यांची बिळे पाणी खेळते ठेवतात. काळ्या ढेकळाचा उभा काप घेतला तर मुळाभोवती नारिंगी-तपकिरी कडे नुसत्या डोळ्यांनी दिसते. या कड्यात लोह पुन्हा ऑक्साइड होऊन स्फुरद धरते. तिथेच अमोनियमचे नायट्रेट होते आणि ते काही मिलिमीटर पलीकडे काळ्या भागात गेले की जीवाणू त्याचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात. नमुन्याची नळी बिळावर खुपसली की दोन बिळांच्या मधे, एवढ्यावरही आकडा बदलतो.

आता वर्तमानपत्राकडे वळू. हवा लागताच दोन धनभारांचे लोह पुन्हा तीन धनभारांचे होते आणि ताज्या, प्रचंड पृष्ठभागाने फॉस्फेट शोषून घेते. अमोनियमचा काही भाग अमोनिया होऊन उडतो, काहीचे नायट्रेट होते. उलट, सुकताना मेलेल्या जीवाणूंच्या पेशी फुटून त्यांच्यातला स्फुरद व नत्र बाहेर येतो. पायराइटच्या प्रत्येक रेणूमागे सल्फ्युरिक आम्लाचे दोन रेणू तयार होतात आणि जवळपास उदासीन असलेली माती आम्लधर्मी होत जाते. एवढे सगळे मोजणीपूर्वीच घडून गेलेले असते. म्हणून नमुना नळीतच दोन्ही टोके बंद करून बर्फात आणावा, त्याच दिवशी ओल्या मातीतून निष्कर्षण करावे, म्हणजे पोषकद्रव्ये द्रावणात उतरवून घ्यावीत, ओलावा मात्र वेगळ्या भागावर १०५ अंशांना वाळवून काढावा. तक्त्यात भरपूर दिसणारा पालाशही जपून वाचावा, कारण समुद्राच्या पाण्यातच लिटरमागे सुमारे ०.४ ग्रॅम पोटॅशियम असते.

कांदळवने किती कार्बन साठवतात याचे मोठमोठे आकडे सध्या उत्साहाने फिरतात. ही वने मौल्यवान आहेत यात शंका नाही, पण मोजणीची पद्धत न सांगता दिलेला आकडा स्वीकारू नये. महाविद्यालयांत कार्बन बहुधा १९३४ सालच्या वॉकली-ब्लॅक पद्धतीने काढतात. तिच्यात कार्बनचे ऑक्सिडीकरण करणारे डायक्रोमेट कार्बनप्रमाणेच मिठातल्या क्लोराइडवरही खर्च होते, आणि दुरुस्ती न केल्यास क्लोराइडच्या वजनाच्या सुमारे बाराव्या भागाइतका कार्बन उगाच वाढतो.

पदवीच्या विद्यार्थ्याला वर्षभरात पुरी होईल अशी एक तुलना मला मनापासून सुचवावीशी वाटते. रायगडच्या खारभूमीत बांधाच्या एका बाजूला तिवरे आणि दुसऱ्या बाजूला भात असतो. बांधातल्या झडपेच्या दारातून, म्हणजे उघाडीतून, गोव्यात जिला मानस म्हणतात तिच्यातून, पाण्याची ये-जा सांभाळली जाते. त्याच नळीने, त्याच खोलीवरून, ऑगस्टमध्ये पाण्याखालच्या भाताची आणि डिसेंबरमध्ये सुकलेल्या शेताची माती घ्यावी, आणि दोन्ही वेळा बांधापलीकडचा चिखलही घ्यावा. पाणी साचलेल्या भातशेतातही लोह विरघळून स्फुरद सुटतो, म्हणून भाताला तो कोरडवाहू पिकापेक्षा सहज मिळतो. शेत सुकले की तो पुन्हा लोहात अडकतो. आणि खाली पायराइट पुरलेले असेल, तर निचरा फार खोल केल्यावर केरळच्या कुट्टनाडमध्ये होते तशी जमीन तीव्र आम्ल होते.