आंजिनेत्ती

आंजिनेत्ती : दक्षिण इटलीतील, विशेषतः कालाब्रिया, बाझिलिकाता व कांपानिया या प्रांतांतील, तसेच तेथून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेलेल्या कुटुंबांतील घरगुती बिस्किटांचा एक प्रकार. मैदा, अंडी, साखर आणि लोणी किंवा चरबी यांच्या मऊ पिठाच्या वळ्या करून त्यांची गाठ किंवा कडे वळतात, ती फिकट रंगावर भाजतात आणि निवल्यावर त्यांना साखरेचा पांढरा लेप देऊन वर रंगीत साखरदाणे पेरतात. लिंबू किंवा ॲनिस (बडीशेपेच्या कुळातील सुगंधी बी) यांपैकी एकाचा स्वाद बहुधा असतोच. जिनेत्ती, आंचिनेत्ती असे उच्चारभेद स्थानपरत्वे आढळतात. ताराल्ली या कड्याच्या आकाराच्या दक्षिणी बिस्किटाचा गोड व लेप दिलेला प्रकार आणि आंजिनेत्ती यांमधील सीमारेषा अनेक गावांत पुसट आहे.

या पदार्थाच्या उगमाविषयी सामान्यतः तीन मते मांडली जातात. पहिले मत त्याचा संबंध प्राचीन रोमशी जोडते. रोमन लेखक थोरल्या केटोने इ. स. पू. १६० च्या सुमारास लिहिलेल्या शेतीविषयक ग्रंथात मुस्ताकेउम नावाच्या भाजीव वड्यांची कृती दिली आहे. तीत गव्हाचे पीठ द्राक्षांच्या ताज्या रसात भिजवून त्यात ॲनिस, जिरे, चरबी व चीज घालावे आणि वड्या तमालाच्या जातीच्या पानांवर ठेवून भाजाव्यात, असे सांगितले आहे. ॲनिस आणि चरबी हे दोन घटक आजच्या कृतीशी जुळतात, हे खरे. परंतु साखरेच्या लेपाचा तेथे प्रश्नच उद्भवत नाही आणि मधल्या हजारांहून अधिक वर्षांतील सातत्य दाखवता येत नाही. शिवाय द्राक्षरसावर आधारलेल्या त्या वड्यांचे नाते मोस्ताच्च्योली या दक्षिण इटलीतील नाताळच्या दुसऱ्याच बिस्किटाशी अधिक सयुक्तिक ठरते. दुसरे मत अरबांकडे बोट दाखवते. सिसिलीवरील अरब आक्रमणास ८२७ मध्ये प्रारंभ झाला, पालेर्मो ८३१ मध्ये त्यांच्या हाती पडले आणि त्यानंतरच्या काळात बेटावर उसाची लागवड रुजली. साखर आणि पाकाचे तंत्र दक्षिण इटलीत या वाटेने आले, याविषयी फारसा वाद नाही. मात्र साखर मध्ययुगात आणि त्यानंतरही दीर्घकाळ महाग होती, औषधी व राजेशाही वस्तूंत गणली जात होती. शेतकरी कुटुंबात गोडवा यायचा तो मधातून किंवा आटवलेल्या द्राक्षरसातून. तेव्हा तंत्राचा उगम आणि पदार्थाचा प्रसार या दोन वेगळ्या गोष्टी मानणे आवश्यक आहे. तिसऱ्या मतानुसार ख्रिस्ती जोगिणींच्या मठांत हा लेप प्रथम बिस्किटांवर आला. पालेर्मोच्या मार्तोराना मठाचे नाव बदामाच्या गोळ्यापासून घडवलेल्या फळांशी आजही जोडलेले आहे आणि मठांतील साखरकामाचा दर्जा वादातीत होता. तथापि तेथील पक्वान्ने प्रामुख्याने सरदार घराण्यांसाठी व सणांच्या भेटींसाठी होत.

या तिन्हींतील ग्राह्य भाग एकत्र केल्यास असे दिसते, की कड्याचा आकार व ॲनिसचा स्वाद जुना, लेपाचे तंत्र मठांतील व हलवायांच्या कारखान्यांतील, आणि सामान्य घरातील पांढरेशुभ्र बिस्कीट मात्र बरेच अलीकडचे असावे. बीटपासून साखर काढता येते हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ मार्ग्राफने १७४७ मध्ये दाखविले, त्याचा शिष्य आखार्डने सायलेशियातील कारखाना १८०१ मध्ये उभारला आणि एकोणिसाव्या शतकात बीटसाखरेमुळे यूरोपात साखर हळूहळू सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली. साखरेने संपूर्ण माखलेले बिस्कीट शेतकऱ्याच्या घरी होऊ लागण्याचा काळ याच्या आगेमागेच धरावा लागतो. लिखित पाककृतींचा आधार येथे तोकडा पडतो. इटालियन पाकशास्त्रलेखक आर्तुझीचा १८९१ चा सुप्रसिद्ध पाककृतिसंग्रहदेखील मुख्यत्वे एमिल्या-रोमान्या आणि तोस्काना या प्रदेशांकडे झुकलेला आहे.

लोण्याचा प्रश्न याहून रंजक आहे. आज ही बिस्किटे ‘लोण्याची’ म्हणून ओळखली जात असली, तरी दक्षिण इटलीतील जुने मोहन म्हणजे डुकराची चरबी अथवा ऑलिव्हचे तेल. उष्ण हवामानात लोणी टिकत नसे. ते टिकवण्यासाठी कांपानिया व बाझिलिकातात लोण्याचा गोळा ताणलेल्या चीजच्या आवरणात बंद करण्याची पद्धत होती, तिलाच बुर्रीनो किंवा मांतेका म्हणतात. म्हणजे लोणी ठाऊक होते, पण ती मूठभर, जपून ठेवायची वस्तू होती. १८८० ते १९२४ या काळात सुमारे चाळीस लाख इटालियन, बहुतांश दक्षिणेतील, अमेरिकेत गेले आणि तेथे त्यांना स्वस्त लोणी, मैदा, साखर व घरोघरी भट्टी मिळाली. १९११ मध्ये बाजारात आलेले क्रिस्को हे वनस्पती तूपही चरबीच्या जागी वापरले जाऊ लागले. त्यामुळे लोण्याची आंजिनेत्ती ही परंपरेपासून झालेली फारकत न मानता, गावी सणापुरती मिळणारी समृद्धी नव्या देशात नेहमीची झाल्याची खूण मानणे अधिक योग्य होय.

घरगुती प्रमाण साधारणपणे ३५० ग्रॅ. मैदा, १०० ग्रॅ. लोणी, १०० ग्रॅ. साखर, तीन अंडी आणि दोन चमचे बेकिंग पावडर असे असते. लोण्याचे प्रमाण मैद्याच्या जेमतेम ३० टक्के असल्यामुळे बिस्कीट खुसखुशीत न होता किंचित केकसारखे, कोरडे आणि आतून मऊ होते. अंड्यांतील पाण्यामुळे पिठाला बेताचा चिवटपणा येतो व सुमारे १५ सेंमी. लांबीची वळी न तुटता गाठीत वळते. पीठ हाताला किंचित चिकटत असेल तर अधिक मैदा न घालता ते अर्धा तास थंड जागी झाकून ठेवणे हिताचे असते, कारण जादा मैद्याने बिस्कीट दगडासारखे होते. भट्टीचे तापमान १७५° से. च्या आसपास ठेवून १० ते १२ मिनिटे भाजतात. बूड सोनेरी व माथा फिकट राहिला की बिस्किटे बाहेर काढतात.

जुन्या कृतींत बेकिंग पावडरऐवजी अमोनियम बायकार्बोनेट असते. बेकऱ्यांत ‘अमोनिया’ म्हणून ओळखला जाणारा हाच क्षार होय. तो सुमारे ६०° से. च्या वर झपाट्याने विघटित होऊन अमोनिया, कार्बन डाय-ऑक्साइड व पाण्याची वाफ यांत रूपांतरित होतो आणि मागे कोणताही क्षार उरत नाही, ही त्याची जमेची बाजू. परंतु अमोनिया पाण्यात सहज विरघळत असल्याने जाड व ओलसर बिस्किटात तो अडकून उग्र वास राहतो. म्हणून पातळ, कोरड्या ताराल्लींना तो मानवतो आणि अंड्यालोण्याच्या मऊ गाठींना बेकिंग पावडर.

लेपाचे दोन प्रकार स्पष्टपणे वेगळे केले पाहिजेत. पहिला शिजवलेला, त्यास नास्प्रो किंवा काही भागांत जिलेप्पो म्हणतात. साखर व पाणी उकळून सुमारे ११०° से. ला तारेचा पाक करतात, लिंबाचे थेंब घालतात आणि विस्तवावरून उतरवून पाक पांढरा होईपर्यंत घोटतात. अतिसंपृक्त पाकातील साखर घोटण्यामुळे अतिसूक्ष्म स्फटिकांच्या रूपाने बाहेर पडते, हे पांढरेपणाचे कारण. लिंबातील आम्लामुळे साखरेच्या काही भागाचे ग्लुकोज व फ्रुक्टोजमध्ये विघटन होते आणि मोठे खडे बनत नाहीत. पाक कच्चा राहिल्यास लेप चिकट राहतो, जास्त झाल्यास कढईतच आळतो. बिस्किटे कढईत टाकून लाकडी कालथ्याने झटपट परतावी लागतात, हे काम दोन माणसांचे. कालाब्रियाच्या काही घरांत या पाकात फेटलेला अंड्याचा पांढरा बलकही मिसळतात.

दुसरा प्रकार न शिजवलेला : २०० ग्रॅ. पिठीसाखरेत तीन चमचे लिंबाचा रस किंवा दूध घालून केलेले दाटसर मिश्रण. बाजारच्या पिठीसाखरेत गुठळ्या होऊ नयेत म्हणून थोडा मक्याचा स्टार्च असतो, त्यामुळे ती घरी दळलेल्या साखरेपेक्षा लवकर धरते. अमेरिकेतील घरांत आता हाच लेप रूढ आहे. सोपेपणा हे त्याचे बळ असले, तरी चकाकी व करकरीतपणा या बाबतींत तो नास्प्रोच्या तोडीचा नाही. बिस्कीट पूर्ण निवल्यावरच त्याचा माथा लेपात बुडवतात, कारण गरम बिस्किटावर साखर वितळून लेप पारदर्शक होतो. साखरदाणे लगेच पेरावे लागतात, काही मिनिटांत पृष्ठभागावर पापुद्रा धरला की ते गळून पडतात. उलट लेप फार पातळ असेल तर दाण्यांचा रंग पाण्यात उतरून ओघळतो. कोरड्या हवेत लेप दोनेक तासांत सुकतो. मुंबई-कोकणसारख्या दमट हवेत, पावसाळ्यात विशेषतः, तो रात्रभरही ओलसर राहतो, तेव्हा पंख्याखाली जाळीवर ठेवणे अगत्याचे असते.

रंगीत दाण्यांना नेपल्समध्ये द्यावुलिल्ली म्हणतात आणि ते स्त्रुफ्फोली या मधात घोळवलेल्या तळीव गोळ्यांवरही पेरले जातात. फिरत्या भांड्यात बारीक साखरकणांवर पाकाचे थर चढवत ते वाढवतात. संक्रांतीचा हलवा ज्या तत्त्वावर तयार होतो तेच हे तत्त्व, केवळ या दाण्यांवर काटे येऊ देत नाहीत.

ईस्टर, नाताळ, बाप्तिस्मा व लग्न हे या बिस्किटांचे मुख्य प्रसंग आहेत. लग्नात बहुधा केवळ पांढरे दाणे वापरतात. अमेरिकेतील पिट्सबर्ग आणि ओहायोतील यंग्जटाउन येथे लग्नात नातेवाईक स्त्रियांनी घरून करून आणलेल्या बिस्किटांचे स्वतंत्र मेज मांडण्याची चाल आहे. तिचे मूळ इटालियन की पूर्व यूरोपीय, याविषयी एकमत नसले तरी त्या मेजावर आंजिनेत्तीचा मान कायम आहे. सिसिलियन वंशाच्या कुटुंबांत १९ मार्चच्या संत योसेफच्या मेजवानीत, तसेच नाताळात, अंजिराचे सारण भरलेली कुच्चिदाती ही बिस्किटे असतात आणि त्यांनाही असाच लेप व दाणे देतात. बदामाच्या तीन रंगी थरांची, चॉकलेटने झाकलेली ‘रेनबो’ बिस्किटे मात्र इटालियन-अमेरिकन असूनही वेगळ्या वर्गातील आहेत, त्यांचा येथे समावेश होत नाही.