फुकट आणि मुक्त : ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरची पार्श्वभूमी

अमळनेरच्या बाजारात एका आडत दुकानाचं कॉम्प्युटरचं काम मी बघतो. दलालाने ट्रकच्या बिल्ट्यांचे फोटो एका आरएआर फाइलमध्ये, म्हणजे अनेक फाइलींच्या एका गठ्ठ्यात, बांधून पाठवले होते. फाइल उघडायला गेलं की 'चाळीस दिवसांची चाचणी मुदत संपली, परवाना विकत घ्या' अशी खिडकी यायची. मुनीम आप्पा ती रोज बंद करून पुढे जायचे. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "फुकट शे ना भाऊ, चालस ना!"

चालत होतं, पण फुकट नव्हतं. ती खिडकी दाखवणारं, आरएआर फाइल उघडणारं विनरार हे मुळात 'वापरून बघा, पटलं तर पैसे द्या' या पद्धतीचं सॉफ्टवेअर. ही पद्धत १९८२ च्या आसपास अमेरिकेत सुरू झाली. अँड्र्यू फ्लुगेलमन यांनी 'पीसी-टॉक' हा प्रोग्राम लोकांना एकमेकांत खुशाल वाटू दिला आणि आवडला तर पैसे पाठवा, एवढीच विनंती केली. जिम नॉफ यांचा 'पीसी-फाइल' त्याच वाटेने गेला. पुढे यातूनच 'घरगुती वापरासाठी मोफत' हा प्रकार रुळला. घरी वापरा, पैसे नाहीत. दुकानात, ऑफिसात वापरलं की परवाना घ्या. आपल्याकडे ही ओळ कोणी वाचत नाही. इन्स्टॉल करताना 'मान्य आहे'वर क्लिक केलं की विषय संपला. पण कॉम्प्युटर पेढीचा असेल तर सही पेढीची होते. म्हणून कामाच्या मशीनवर काहीही टाकण्याआधी मी किमतीच्या आधी परवाना बघतो.

दुसरी वाट एका प्रिंटरपासून निघाली. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा लेसर प्रिंटर आला. त्यात कागद अडकायचा. तिथले प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांना त्याच्या प्रोग्राममध्ये अशी सोय करायची होती, की कागद अडकला की वाट बघणाऱ्यांना निरोप जाईल. पण प्रोग्रामचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, त्यांना मिळेना. ज्याच्याकडे तो होता, त्याने कोणाला न देण्याचं लिहून दिलं होतं. हे खटकलेल्या स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये जीएनयू हा मुक्त संगणक प्रणाली बनवण्याचा प्रकल्प जाहीर केला, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन काढलं आणि १९८९ मध्ये जीपीएल परवान्याची (प्रोग्राम वापरा, बदला, वाटा, अशी मोकळीक देणारा परवाना) पहिली आवृत्ती आली. इंग्रजीतल्या 'फ्री'चे दोन अर्थ होतात, म्हणून त्यांना आयुष्यभर खुलासा करत बसावं लागलं. मराठीत 'फुकट' आणि 'मुक्त' हे दोन वेगळे शब्द आहेत. ही आपली मोठी सोय आहे, ती वापरली पाहिजे.

त्यांनी मांडलेल्या चार स्वातंत्र्यांचे क्रमांक शून्यापासून सुरू होतात. हे शून्यावं स्वातंत्र्य म्हणजे प्रोग्राम कोणत्याही कामासाठी चालवण्याची मोकळीक. १९९८ मध्ये अशा सॉफ्टवेअरसाठी 'ओपन सोर्स' हे नाव रूढ झालं, तेव्हा केलेल्या व्याख्येतही तोच मुद्दा स्पष्ट आहे: व्यवसायात किंवा जनुकीय संशोधनात वापरायला मनाई करता येणार नाही. व्यवसायात म्हणजे आपल्या आडत दुकानातही. धंदेवाल्याला बेकायदेशीर न ठरता मिळालेला हा हक्क मला या सगळ्या इतिहासातला सर्वात मोलाचा भाग वाटतो.

रोजच्या वापरातली अवजारं याच काळात आली. इगोर पाव्हलोव यांचं सेव्हन-झिप १९९९ चं. ते आरएआर फाइल बांधत नाही, पण उघडतं, आणि आप्पांना तेवढंच हवं होतं. व्हिडिओ चालवणारा व्हीएलसी हा पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी संस्थेतल्या विद्यार्थ्यांचा प्रकल्प, २००१ मध्ये जीपीएलखाली आला. पत्रं, हिशेबाचे तक्ते करायचं स्टारऑफिस हे एका जर्मन कंपनीचं होतं. १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ती कंपनी घेतली आणि पुढच्या वर्षी कोड खुला केला. २०१० मध्ये सन ओरॅकलकडे गेल्यावर काम करणाऱ्या मंडळींना धास्ती वाटली. त्यांनी तोच कोड उचलून लिब्रेऑफिस काढलं. मालक बदलला तरी काम थांबलं नाही, कारण कोड कोणा एकाच्या कपाटात नव्हता.

मग हे उतरवून कुठून घ्यायचं? इथेही इतिहास सावध करतो. सोर्सफोर्ज ही वेबसाइट १९९९ मध्ये सुरू झाली आणि बरीच वर्षं मुक्त सॉफ्टवेअरचं सर्वात मोठं कोठार होती. २०१३ पासून तिथल्या काही इन्स्टॉलरसोबत नको ती जाहिरातबाज सॉफ्टवेअरं येऊ लागली. गिम्प या फोटो सुधारायच्या प्रोग्रामच्या मंडळींनी तेव्हाच तिथून काढता पाय घेतला. २०१६ मध्ये नव्या मालकांनी तो प्रकार बंद केला. पण 'डाउनलोड' लिहिलेलं पहिलं हिरवं बटण दाबू नये, त्या प्रोग्रामच्या स्वतःच्या साइटवर जावं, हे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगतो.

मराठीचा प्रश्न वेगळाच होता. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं पत्र दुसऱ्या मशीनवर उघडलं की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसायचा, कारण त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजीच्या जागी बसवलेली असत. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला वेगळा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरीला १९९१ पासूनच स्वतःची जागा होती, तरी कामाचे फॉन्ट मिळायला वेळ लागला. रेड हॅट या सॉफ्टवेअर कंपनीने लोहित फॉन्ट मोकळे केले, आणि मराठीत फुकटात, कायदेशीर लिहिता येऊ लागलं. २०१५ मध्ये केंद्र सरकारने स्वतःच्या कार्यालयांसाठी मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचं धोरणही काढलं.

आप्पांच्या मशीनवर मी विनरार काढून सेव्हन-झिप टाकलं. दीड महिन्याने गेलो तेव्हा ते बिल्ट्या उघडून बसले होते. मला बघून म्हणाले, "ती खिडकी अजून आली नाही, भाऊ. हिची मुदत किती दिवसांची?"