संकेतस्थळाचा वेग व बँडविड्थ-बचत (कोकण किनारपट्टी)

संकेतस्थळाचे पान वाचकाच्या मोबाइलवर लवकर उघडावे आणि सर्व्हरवरून त्यासाठी कमीत कमी डेटा जावा, म्हणून केले जाणारे तांत्रिक उपाय. होस्टिंगच्या, म्हणजे संकेतस्थळासाठी सर्व्हरवर जागा भाड्याने घेण्याच्या, व्यवहारात बँडविड्थ म्हणजे महिनाभरात सर्व्हरवरून बाहेर गेलेला एकूण डेटा. ठरलेली मर्यादा ओलांडली की जादा पैसे भरावे लागतात, नाहीतर संकेतस्थळ बंद पडते.

रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत होम-स्टेवाले आणि थेट हापूस विकणारे बागायतदार अशी संकेतस्थळे चालवतात. त्यांच्याकडची वर्दळ हंगामी. आंब्याची मार्च ते मे, पर्यटकांची दिवाळी, नाताळ आणि उन्हाळी सुट्टीत. एरवी पुरून उरणारा प्लॅन नेमका धंद्याच्या दिवसांत संपतो, आणि मग घाईघाईने मोठा प्लॅन घेतला जातो. त्याआधी फोटो तपासावेत.

मोबाइलने काढलेला १२ मेगापिक्सेलचा फोटो सुमारे ४००० बाय ३००० पिक्सेलचा आणि ३-४ एमबीचा असतो. खोल्यांचे, समुद्राचे, माशांच्या थाळीचे असे दहा फोटो जसेच्या तसे चढवले तर पान ४० एमबीच्या घरात जाते. हजार जणांनी ते पूर्ण उघडले की ४० जीबी. तेच फोटो १२०० पिक्सेल रुंदीचे करून वेबपी या कमी जागा घेणाऱ्या फोटो-स्वरूपात साठवले तर प्रत्येकी साधारण २०० केबीत बसतात आणि हजार भेटींचा हिशेब २ जीबीवर येतो. मोबाइलच्या पडद्यावर फरक सहसा जाणवत नाही. खालचे फोटो वाचक तिथवर पोचल्यावरच उतरावेत, अशी सोय ब्राउझरमध्येच असते. पहिल्याच पानावर आपोआप सुरू होणारा किनाऱ्याचा ड्रोन व्हिडिओ मात्र काढूनच टाकावा. खाडीकाठच्या गावात सिग्नलचा एखादा दांडा धरून बसलेल्या ग्राहकाला तो दिसतच नाही. पानात बसवलेल्या हलत्या नकाशाचेही तेच. साधे चित्र आणि त्यावर दुवा पुरतो.

दुसरा मोठा उपाय कॅशिंगचा. सर्व्हर प्रत्येक फाइलसोबत ती किती काळ जपून ठेवायची हे ब्राउझरला सांगू शकतो. फोटो व लोगो यांना वर्षाची मुदत द्यावी आणि फोटो बदलला तर फाइलचे नावही बदलावे, नाहीतर जुनाच दिसत राहतो. पेटीचा भाव हंगामात सारखा बदलतो, म्हणून दराच्या पानाला वर्षाची मुदत देऊन चालत नाही. त्या पानाबाबत ब्राउझर आधी चौकशी करतो. बदल नसेल तर सर्व्हर ‘३०४’ एवढेच उत्तर देतो, पान पुन्हा पाठवत नाही.

यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, त्यामुळे मराठी मजकूर इंग्रजीपेक्षा जड. सर्व्हरवर जीझिप किंवा गूगलचे ब्रॉटली ही मजकूर दाबून पाठवण्याची सोय सुरू केली की तो बराच आक्रसतो. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टही जड असतात. साधा, ठळक अशा एक-दोन जाडींपुरतेच घ्यावेत.

अंतराचाही परिणाम होतो. अमेरिकेतल्या सर्व्हरकडे मागणी जाऊन उत्तर येण्याच्या दर फेरीला सेकंदाचा पाव भाग सहज जातो. मुंबईत केंद्र असलेली सीडीएन (ठिकठिकाणच्या सर्व्हरांचे जाळे) सेवा फाइलींच्या प्रती जवळ ठेवते आणि मूळ सर्व्हरवरचा भारही उचलते.

किनाऱ्याचे चांगले फोटो इतर संकेतस्थळे थेट आपल्याच सर्व्हरवरून दाखवतात. डेटा आपला खर्च होतो. फोटोची मागणी कोणत्या पानावरून आली हे सांगणारा संदर्भ-पत्ता (रेफरर) पाहून अशा मागण्या अडवता येतात. संदर्भ-पत्ता नसलेल्या मागण्या मात्र अडवू नयेत, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या दुव्याखालचा फोटोही त्यांत अडकू शकतो.