डान्स बार (महाराष्ट्र)

दारूविक्रीचा परवाना असलेल्या खोलीत, बसलेल्या गिऱ्हाइकांसमोर बायका हिंदी चित्रपटांतल्या गाण्यांवर नाचतात आणि गिऱ्हाइके त्यांच्यावर नोटा उधळतात, अशा जागेला महाराष्ट्रात डान्स बार म्हणतात. पोलिसांच्या कागदावर ही जागा 'परमिट रूम', 'बीअर बार' किंवा 'उपाहारगृह' असते. बोलण्यात 'लेडीज बार', आणि मराठी वर्तमानपत्रांच्या मथळ्यात 'छमछम'. नाचणारीला बारबाला किंवा बारगर्ल म्हणतात. हा प्रकार मुंबई, ठाणे, मीरा-भाईंदर आणि पनवेल-खालापूरच्या महामार्गांच्या कडेने वाढला. २००५ साली राज्याने त्यावर बंदी घातली आणि तेव्हापासून त्याचा इतिहास मुख्यतः न्यायालयांत घडला.

पाश्चात्त्य देशांतल्या स्ट्रिप क्लबशी त्याची नेहमी तुलना होते. ती फारशी जुळत नाही. डान्स बारमधली बाई कपडे उतरवत नाही. घागरा-चोळी, शरारा किंवा साडी असा तिचा पेहराव असतो, बहुतेकदा पडद्यावरच्या नायिकेपेक्षा अंगभर. गिऱ्हाइकाने तिला हात लावायचा नाही, हा बारचा पहिला नियम. विकली जाते ती नजर. आरसे लावलेल्या खोलीत, रंगीत दिव्यांखाली, ती अमुक एकाकडे बघून ओळ गुणगुणते आणि तो अमुक एक दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो.

उगम

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याची धार पुढच्या दोन-अडीच दशकांत बोथट होत गेली आणि परमिट रूमची संख्या वाढली. एकाला लागून एक बार उभे राहिल्यावर गिऱ्हाईक ओढायला काहीतरी हवे होते. आधी बायका वेटर म्हणून आल्या, मग गाणाऱ्या आल्या आणि ऑर्केस्ट्रा आला, आणि ऐंशीच्या दशकात गाण्याच्या जोडीने नाच. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावातल्या काही घरांतल्या बायकांनीही बारमध्ये वेटरचे काम धरले, असे काही अभ्यासकांचे निरीक्षण आहे.

वाढीचा वेग न्यायालयीन कागदपत्रांत दिसतो. १९८५-८६ मध्ये परवानाधारक डान्स बार २४ होते. १९९५-९६ पर्यंत ते २१० झाले. बंदीच्या वेळी परवाने असलेले तीन-साडेतीनशे आणि नसलेले त्याच्या कितीतरी पट, अशी स्थिती होती. नाचणाऱ्या बायका ७५,००० असल्याचा आकडा सर्रास छापला जाई. तो बार चालवणाऱ्यांच्या आणि बारबालांच्या संघटनांकडून आलेला होता, मोजदादीतून नव्हे.

हे सगळे चोरून चाललेले नव्हते. सार्वजनिक करमणुकीच्या जागांसाठी मुंबईत १९६० चे नियम होते, आणि त्या नियमांच्या लांबलचक नावातच कॅबरे, मेळे आणि तमाशे एका पंक्तीला बसवलेले होते. त्याच नियमांखाली बारला जागेचा परवाना मिळे, कार्यक्रमाचा परवाना मिळे, आणि हप्ता तर परवान्यांच्या बरोबरीने ठरलेला असे.

नोटेचा प्रवास

डान्स बार समजून घ्यायचा तर नाचापेक्षा नोटेकडे बघावे. गिऱ्हाईक शंभराच्या किंवा पाचशेच्या नोटा देऊन काउंटरवरून दहा-दहाच्या कोऱ्या गड्ड्या घेई. उधळायला सुट्टेच लागतात. पाचशेची एक नोट हवेत सोडली तर दिसतही नाही, दहाच्या पन्नास सोडल्या तर बाई नोटांच्या पावसात उभी राहते. गड्डी अंगठ्याखाली धरून वरची नोट सरकवत राहायची, ही कला नेहमीच्या गिऱ्हाइकाला साधलेली असे. नवख्याच्या हातून गठ्ठाच खाली पडे. ज्याला हात चालवायचा नसेल तो वेटरकरवी नोटांचा हार तिच्या गळ्यात घालायला लावी.

खाली पडलेली नोट नाचणारीने उचलायची नाही. एक पोऱ्या वाकून त्या गोळा करी, आणि कोणाच्या अंगावर किती पडले याची नोंद वहीत होई. याला 'कलेक्शन' म्हणत. बार बंद झाल्यावर हिशेब व्हायचा: ठरलेला हिस्सा मालकाचा, उरलेला तिचा. हे प्रमाण बारागणिक वेगळे. पगार बहुतेक ठिकाणी नसेच. म्हणजे नोकरी नाही, मजुरी नाही, रोजची कमाई एका अनोळखी माणसाच्या मर्जीवर. पण ज्या रात्री मर्जी लागे त्या रात्रीचे पैसे धुणीभांडी करून वर्षात मिळाले नसते. मुद्रांक घोटाळ्यातल्या तेलगीने ग्रँट रोडच्या एका बारमध्ये एका रात्रीत लाखो रुपये उधळल्याचा किस्सा याच काळातला.

उधळण्याला मराठीत जुना शब्द आहे, दौलतजादा. तमाशाच्या संगीतबारी या प्रकारात लावणीवर खूश झालेला शौकीन पैसे देतो, नाच थांबतो, देणाऱ्याचे नाव पुकारले जाते आणि फर्माईश पुरी होते. बारमध्ये नाव पुकारायची सोय नव्हती. बाकी रीत तीच. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या सरकारने तमाशावरही अश्लीलतेच्या कारणावरून बंदी आणली होती, पुढे सुधारणेच्या अटींवर तो पुन्हा उभा राहिला आणि आज तो राज्याची लोककला आहे. डान्स बारवरच्या चर्चेत हा संदर्भ जितका यायला हवा होता तितका आला नाही.

नाचणाऱ्या

एसएनडीटी महिला विद्यापीठाचे स्त्री-अभ्यास केंद्र आणि मुंबईतल्या स्त्री संघटना यांनी २००५ मध्ये ५० बारमधल्या ५०० नर्तकींच्या मुलाखती घेतल्या. यातल्या बऱ्याचजणी पिढीजात नाचगाण्यावर जगणाऱ्या समाजांतून आल्या होत्या: मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातले बेडिया, नट, राजनट, डेरेदार. संस्थाने गेली, जमीनदार गेले, मैफली आटल्या; मुंबईत केनेडी ब्रिजजवळच्या मुजऱ्याच्या खोल्या ओसरल्या. बार हे त्यांना नवे नव्हते, फक्त गिऱ्हाईक नवे होते. बाकीच्या बायका घटस्फोट, कर्ज, नवऱ्याची दारू अशा ओळखीच्या वाटांनी पोचलेल्या. बहुतेकींना बहीण, मावशी किंवा मैत्रीण घेऊन आली होती, आणि पुष्कळजणींच्या कमाईवर अख्खे घर चालत होते. पळवून आणलेल्या मुलींचे अड्डे असे जे चित्र सरकार मांडत होते, त्याला या मुलाखतींतून आधार मिळाला नाही. शोषण नव्हते असा याचा अर्थ नाही. रात्री घरी परततानाची भीती, मालकाने कमाईत केलेली काटछाट, पोलिसांच्या धाडी, भाड्याने खोली न मिळणे, मुलांच्या शाळेत आईचा धंदा लपवणे, हे सारे त्याच मुलाखतींत आहे.

बंदी

२००५ च्या मार्चअखेर विधानसभेत लक्षवेधी सूचनेच्या निमित्ताने डान्स बारचा विषय निघाला आणि तत्कालीन उपमुख्यमंत्री व गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी ते बंद करण्याची घोषणा केली. 'आबा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पाटलांची भूमिका गावाकडून आलेली होती: जमिनीचे पैसे हातात आलेली तरुण पोरे महामार्गावरच्या बारमध्ये ते उडवतात आणि घरे बुडतात. नवी मुंबई, पनवेल पट्ट्यात हे घडत होते, आणि या भूमिकेला ज्या बायाबापड्यांचा पाठिंबा मिळाला तो खोटा नव्हता. स्त्री संघटनांतही फूट पडली. एका बाजूला बंदीचे समर्थन, दुसऱ्या बाजूला वर्षा काळे यांच्या नेतृत्वाखालची भारतीय बारगर्ल्स युनियन आणि तिच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकील व कार्यकर्त्या. आझाद मैदानावर चेहरा ओढणीत झाकून मोर्चाला आलेल्या बारबालांची छायाचित्रे तेव्हा सगळीकडे छापली गेली.

२१ जुलै २००५ रोजी विधानसभेने मुंबई पोलीस अधिनियमात ३३-अ आणि ३३-ब ही कलमे घालणारे विधेयक एकमताने संमत केले. पाचच दिवसांनी २६ जुलैच्या पुरात मुंबई बुडाली आणि चर्चा तिथेच थांबली. ऑगस्टच्या मध्यावर बंदी लागू झाली. ३३-अ ने परमिट रूम, बीअर बार आणि उपाहारगृहांतला नाच बंद केला. ३३-ब ने तीन तारांकित व त्यावरची हॉटेले, जिमखाने, क्लब यांना सूट दिली. कायद्याचे कच्चे जोते हेच.

मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. एफ. आय. रिबेलो आणि न्या. रोशन दळवी यांच्या खंडपीठाने १२ एप्रिल २००६ रोजी ३३-अ रद्द केले. तोच नाच, तेच गाणे. दहाच्या नोटा उधळणाऱ्यासमोर झाला तर नीतीला धोका आणि महागड्या हॉटेलात झाला तर करमणूक, हा भेद टिकणारा नव्हता. १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश अल्तमस कबीर आणि न्या. एस. एस. निज्जर यांनी तो निर्णय कायम केला. श्रीमंतांची सभ्यता वरच्या दर्जाची असते हे गृहीतकच न्यायालयाने नाकारले. बंदीने बेकार झालेल्या अनेकींना देहविक्रयाकडे ढकलले, म्हणजे रोगापेक्षा औषध जालीम ठरले, असेही निकालात नोंदवले. पुनर्वसनाच्या घोषणांतून या बायकांच्या हाती जवळजवळ काही पडले नव्हते.

राज्याने यातून घेतलेला धडा मासलेवाईक होता. जून २०१४ मध्ये तारांकित हॉटेलांची सूट काढून टाकून सर्वांनाच बंदी करणारी दुरुस्ती चर्चेविना मंजूर झाली. ऑक्टोबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. मग एप्रिल २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा आला, ज्याच्या नावात अश्लील नृत्याला प्रतिबंध आणि स्त्रियांच्या प्रतिष्ठेचे रक्षण हे दोन्ही होते. बंदीचा शब्द गेला आणि अटी आल्या. शाळा किंवा देवळापासून एक किलोमीटर अंतर, मुंबईत तर अशी जागा सापडणे मुश्कील. मंचाभोवती तीन फुटी कठडा, कठड्यापासून पहिल्या खुर्चीपर्यंत पाच फूट. एका वेळी मंचावर चारच नर्तकी. नाच चालतो तिथे दारू नाही. सीसीटीव्ही. आणि नोटा उधळायच्या नाहीत. बक्षिसी द्यायचीच तर बिलात लावायची.

१७ जानेवारी २०१९ च्या निकालात न्या. ए. के. सीकरी आणि न्या. अशोक भूषण यांनी या अटी एकेक करून तपासल्या. किलोमीटरची अट गेली, सीसीटीव्हीची गेली, दारू आणि नाच यांच्यामधली भिंत गेली. संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकरा ही वेळ राहिली. नोट मात्र मधोमध कापली गेली: उधळायला बंदी कायम, हातात द्यायला हरकत नाही.

पडद्यावर

बारबालेचे सर्वाधिक पाहिले गेलेले चित्रण मधुर भांडारकर यांच्या 'चांदनी बार' (२००१) या चित्रपटात आहे. दंगलीत घर गेलेली उत्तर प्रदेशातली मुमताज मामाच्या हाताने बारमध्ये येते, पोत्या सावंत या गुंडाशी लग्न करते आणि बारबाहेरच्या संसाराची किंमत मोजते. तब्बूला या भूमिकेसाठी, तर अतुल कुलकर्णी आणि अनन्या खरे यांना सहाय्यक भूमिकांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. चित्रपटाची खरी ताकद मेकअपच्या खोलीत आहे, जिथे अनेकजणी एकाच आरशात बघून तयार होतात. बंदीच्या चार वर्षे आधीचा हा चित्रपट त्या खोलीचा आता जवळजवळ दस्तऐवज झाला आहे.

ऑर्केस्ट्रा बार

२०१९ च्या निकालानंतरही डान्स बारचे परवाने मोजकेच मिळाले. व्यवसाय आधीच 'ऑर्केस्ट्रा बार' या नावाखाली सरकला होता, जिथे परवाना गाण्याचा असतो. तिथेही मंचावर आठच कलाकार, त्यांत चार पुरुष आणि चार स्त्रिया, अशी अट होती. स्त्री-पुरुषांची ही वाटणी सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये रद्द केली. एकूण आठची मर्यादा राहिली. बाईच्या हातात माइक असला की ती गायिका, खाली ठेवला की नर्तकी. आवाज बहुतेक वेळा लॅपटॉपमधून येतो, आणि परवान्यात बसणाऱ्या आठजणींपेक्षा जास्त बायका कामावर असतील तर जास्तीच्या कुठे जातात हा प्रश्न धाड टाकणाऱ्या पोलिसांना पडतो.

डिसेंबर २०२१ मध्ये अंधेरीच्या एका बारमध्ये पोलिसांना खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर धुंडाळून कोणीच सापडेना. काही तासांनी मेकअपच्या खोलीतल्या मोठ्या आरशावर संशय गेला. तो भिंतीत इतका पक्का बसवला होता की फोडावा लागला. मागे वाट होती, खाली तळघर, आणि तिथे वातानुकूलन यंत्राच्या गारव्यात बसलेल्या १७ बायका.