रामकुंडानंतरची गोष्ट

अस्थी घेऊन नाशिकला आलेली माणसं रामकुंडावर फार वेळ थांबत नाहीत. इथल्या पाण्यात अस्थी विरतात अशी श्रद्धा आहे. कलश रिकामा होतो, दहाव्याचा पिंड ठेवला जातो, कावळा शिवेपर्यंत सगळ्यांचे डोळे त्या पिंडावर खिळलेले असतात आणि संध्याकाळच्या आत गाड्या परतीला लागतात. राख कधी सावडायची, दहावं-तेरावं कधी, वर्षश्राद्ध कधी, हे सगळं ठरलेलं आहे. मन कधी सावरायचं, याची तिथी पंचांगात सापडत नाही. जोडीदार गेल्यानंतरच्या प्रेमाची आजची मराठी कादंबरी या तिथी नसलेल्या काळात घडते. तिथवर पोचायला तिला दीडशेहून जास्त वर्षं लागली.

खरं तर पंचवटीची सर्वांत जुनी विरहकथा एका पुरुषाची आहे. सीता दिसेनाशी झाल्यावर वाल्मीकींचा राम कदंबाला, बेलाला, अर्जुनाला तिचा पत्ता विचारत रानभर हिंडतो. पुढे अश्वमेधाला बसायची वेळ येते तेव्हाही तो दुसरी पत्नी करत नाही, सोन्याची सीता शेजारी ठेवतो. व्यवहारात मात्र पुरुषाच्या शोकाला आपण फारसा वेळ दिला नाही. बायको गेली की स्थळांची बोलणी सुरू. त्याला ‘बिजवर’ म्हणायचं आणि मुलगी ‘दुसरेपणावर’ द्यायची, म्हणजे झालं.

बाईचं वेगळं. विधवेचं लग्न सगळीकडेच निषिद्ध होतं असं आपण सर्रास म्हणतो, ते बरोबर नाही. अनेक जातींत पाट किंवा मोहतूर लावण्याची रीत होती. मराठेशाहीत त्यावर ‘पाटदाम’ नावाचा करही घेतला जाई. पण पाट लागायचा रात्री, गाजावाजा न करता, आणि ‘लग्नाची’ व ‘पाटाची’ हा फरक बाईला जन्मभर चिकटून राहायचा. केशवपन आणि अलवण, म्हणजे विधवेचं लाल लुगडं, होतं ते मुख्यतः ब्राह्मणी घरांत. लिहिणारेही बहुतेक त्याच घरांतले, त्यामुळे मराठी कादंबरीत आधी तेच दुःख आलं.

१८५६ मध्ये विधवाविवाहाचा कायदा झाला. पुनर्विवाह केला तर पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क जाईल, अशी अट त्यातच होती. म्हणजे दुसऱ्या प्रेमाची किंमत घरादारानं मोजायची. हा कायदा रद्द झाला थेट १९८३ मध्ये. कायद्यानंतर वर्षभरात, १८५७ ला, बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ आलं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ते ओळखलं जातं, आणि त्याचा विषयच विधवांची स्थिती हा. १८९० च्या सुमारास हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’ मध्ये यमूला स्वतःच्या तोंडानं बोलू दिलं. त्या पानांत आक्रोश आहे, पण पुन्हा कुणी आवडण्याइतकी उसंत यमूला नाही.

याच काळातली एक खरी गोष्ट मला कादंबऱ्यांहून जवळची वाटते. न्यायमूर्ती रानडे आपल्या निफाडचे, जन्म १८४२. विधवाविवाहाचे खंदे पुरस्कर्ते. १८७३ मध्ये त्यांच्या पहिल्या पत्नी सखूबाई वारल्या. आता हा विधवेशीच लग्न करणार, या धास्तीनं वडिलांनी घाई केली आणि वर्ष सरायच्या आत अकरा वर्षांच्या रमाबाईंशी त्यांचं लग्न लावून दिलं. सुधारकांनी रानड्यांना बोल लावला, आणि तो रास्तच होता. मला मात्र आणखीही एक गोष्ट टोचते: सखूबाईंसाठी रडायला त्या घरानं एकतिशीतल्या नवऱ्याला किती दिवस दिले? रमाबाईंना त्यांनी स्वतः लिहायला-वाचायला शिकवलं. १८७८ मध्ये बदली होऊन दोघं नाशिकला आले, इथे त्यांनी संसार मांडला. १९०१ मध्ये रानडे गेले. त्यानंतर नऊ वर्षांनी रमाबाईंच्या आठवणींचं पुस्तक प्रसिद्ध झालं. वियोगानंतरच्या प्रेमाचं इतकं उत्कट मराठी पुस्तक मला दुसरं ठाऊक नाही, आणि ते कादंबरी नाही. एका विधवेनं, सेवासदन या स्त्रियांसाठीच्या संस्थेचं काम चालवता चालवता, आपल्या माणसाला पुन्हा घरात आणून बसवलं आहे.

१८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे आणि गोदूबाईंचं लग्न झालं, तेव्हा विधुर आणि विधवा एकत्र आले. कर्व्यांच्या गावानं, मुरूडनं, त्यांना वाळीत टाकलं. पुढच्या शतकात शिक्षण आलं, नोकऱ्या आल्या, कादंबरीतला प्रश्न हळूहळू ‘तिला चालेल का’ वरून ‘तिला हवं आहे का’ वर आला.

मग कोरोना आला. २१ एप्रिल २०२१ ला ऑक्सिजनच्या गळतीमुळे नाशिकमधल्या एका रुग्णालयात वीसहून अधिक रुग्ण दगावले. त्या काळात कित्येकांना शेवटचं दर्शनही नीट मिळालं नाही. ‘एकल महिला’ हा शब्द बातम्यांत रुळला. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं कुंकू पुसण्याच्या, बांगड्या फोडण्याच्या प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि शासनानं तो इतर गावांपुढे ठेवला.

आज लिहिणाऱ्याला ही सगळी ओझी माहीत असतात, पण त्याची नायिका सुधारणेसाठी लग्न करत नाही. तिच्यापुढचे पेच घरातले आहेत: पहिल्याचा हार घातलेला फोटो नव्या घरात कुठल्या भिंतीवर लावायचा, मुलीचं आडनाव तेच ठेवायचं का, आणि सर्वपित्रीला त्याच्या नावाचं पान वाढताना शेजारी कुणी उभं राहायचं.